तिसरा रकाना खाली का जातो

रविवार, १४ सप्टेंबर
दुपारचे चार वाजून दहा मिनिटं

प्रिय ताई,

आत्ता दुकानाचं शटर अर्धं ओढून, हात दोनदा साबणाने धुऊन बसलो आहे. समोर बाबांचा फोन, माझा फोन आणि आपला जुना संगणक. तिन्हीवर एकच पान उघडं आहे. एकोणीस महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहितोय तर वेबपानाच्या रकान्यांबद्दल. हसलीस तरी चालेल, पण न वाचता फाडू नकोस.

सायकल बिघडली की लोक हल्ली आधी फोनवर दुकान शोधतात, म्हणून आपलंही पान करायचं ठरलं. बाहेरून करून घ्यायला बाबा तयार नव्हते. ‘घरात पोरगा बसलाय की!’ मग नववीत शाळा सोडलेला तुझा भाऊ इंटरनेटवरच्या फुकटच्या धड्यांवरून शिकला. वर दुकानाचं नाव, त्याखाली शेजारी शेजारी तीन रकाने. पहिल्यात बाबा, दुसऱ्यात मी, तिसऱ्यात तू. हो, तूच. बाबांनी स्वतः सांगितलं, ‘डुगडुगणाऱ्या चाकाचा आऊट तिच्याइतका कुणी काढत नाही, असं लिही.’ मी मान वर न करता लिहून टाकलं. न जाणो, विचार बदलायचे.

पण तिसरा रकाना काही केल्या शेजारी बसेना. पान उघडलं की आम्ही दोघं वर आणि तू खाली, एकटी. बाबा चष्मा कपाळावर चढवून बघायचे. ‘अरे, तिला परत खाली टाकलंस?’ मी म्हणायचो, मी नाही टाकलं, ती आपोआप जाते. ‘आपोआप कुणी जात नाही,’ ते म्हणाले, आणि मग बराच वेळ पंपाचं वॉशर शोधत राहिले.

माझा स्वभाव तुला माहीत आहे, चिंतोपंत हे नाव तूच ठेवलंस. वहीत तक्ता आखला. रकान्यांभोवतीचा समास शून्य केला, आतली मोकळी जागा शून्य केली. तरी दोन रकान्यांमध्ये केसाएवढी पांढरी फट उरलीच. तीन रकान्यांना पानाचा तिसरा-तिसरा हिस्सा दिला होता, म्हणजे पान काठोकाठ भरलेलं. ती फट आली की तिसऱ्याला जागा पुरायची नाही आणि तो खालच्या ओळीत पडायचा. रकाने जरा अरुंद केले. संगणकावर तू वर आलीस, बाबांच्या फोनवर पुन्हा खाली. नऊ दिवस हेच. जेवताना घास हातात तसाच राहायचा. बाबा म्हणाले, चाक असतं तर एव्हाना रिमसकट बदललं असतं.

आज सकाळी एक शब्द खोडताना बोट चुकून एकदा जास्त दाबलं गेलं आणि पानामागच्या कोडमध्ये पहिल्या-दुसऱ्या रकान्याचा मजकूर एकाच ओळीत जोडला गेला. त्या दोघांमधली फट नाहीशी झाली. मी श्वास रोखून दुसऱ्या-तिसऱ्याची ओळही जोडली. ताई, तू वर आलीस! तिन्ही पडद्यांवर.

कारण काय, तर माझा नीटनेटकेपणा. तू मला निबंध लिहायला शिकवलंस, नवा मुद्दा नव्या ओळीवर. तसाच कोडमध्येही मी प्रत्येक रकाना नव्या ओळीवर सुरू केला होता. माझ्या लेखी तिथे काहीच नव्हतं, नुसती ओळ मोडली होती. पण ब्राउझर त्या मोडलेल्या ओळीलाही एक जागा धरतो, पडद्यावरच्या चार ठिपक्यांएवढी, आणि मोजून पानावर ठेवतो. मी अकरा वेळा ओळ मोडून-जोडून पाहिली. अकराही वेळा तू खाली गेलीस आणि वर आलीस. जिथे मी काहीच लिहिलं नव्हतं, तिथलंही त्याने वाचलं होतं.

मग काम सुचेना. बाबांनी भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर, ‘यापुढे दुकान पोराचं’ असं जाहीर केलं आणि तू निघून गेलीस, तो दिवस डोळ्यांपुढे आला. सात वर्षं चाकं तू सरळ केलीस, मी तेव्हा पंक्चर काढायला शिकत होतो. तू माझ्याकडे पाहिलंस. मी डब्यात नट शोधत होतो. नट हरवलाच नव्हता, ताई. मी तुझ्याविरुद्ध एक शब्द बोललो नाही, असं इतके दिवस स्वतःला समजावत आलो.

आज बोललो. बाबांना म्हटलं, पानावर तिघं दिसतील तर तिघंही मालक म्हणून दिसतील, आणि दुकानाच्या कागदांवरही. दोनदा म्हणालो. बाबांनी हातातला पाना खाली ठेवला, रागावले नाहीत. म्हणाले, ‘मी कुठल्या तोंडाने विचारू? तू विचार.’ म्हणून हे पत्र. पान अजून आम्हा दोघांखेरीज कुणाला दिसत नाही. तू हो म्हणेपर्यंत दिसणार नाही. नाही म्हणालीस, तर दोनच रकाने ठेवायला बाबांनी सांगितलं तरी मी तसं पान लोकांपुढे आणणार नाही, आणि हे त्यांना त्यांच्या तोंडावर सांगेन. येशील का?

तुझाच,
चिंतोपंत