गाब्बाच्या डोळ्यांचं पाणी

१२ फेब्रुवारी
पावसाने घात केला. जानेवारीत पाऊस! तो गोठून वर बर्फाचा टणक थर, खाली अडकलं दगडफूल, म्हणजे रेनडियरचा हिवाळ्यातला चारा. बिचारे खुरांनी उकरून दमले, तोंडाला काही लागत नाही. उपाय मला लगेच सुचला. सगळा कळप घराजवळच्या कुंपणात आणला, गोळीखाद्य सुरू. मेहुणा युस्सा म्हणाला, दाजी, फार दाटी होतेय, दोन कुंपणं करा. युस्साला सल्ले द्यायची सवयच आहे.

१९ फेब्रुवारी
आज गाब्बाच्या उजव्या डोळ्यातून पाणी. गाब्बा म्हणजे कळपाचा म्होरक्या. पांढरा, खच्ची केलेला, अकरा वर्षांचा. एप्रिलमध्ये विणीसाठी किनाऱ्याकडे निघालो की गोठलेल्या नदीवर पहिलं पाऊल त्याचं, मग बाकीच्यांचं. काळजीचं कारण नाही. वारा आहे.

२२ फेब्रुवारी
आणखी सात जणांचे डोळे वाहताहेत. वारा फारच आहे.
बायको मारेत म्हणाली, वारा परवाच पडला. दिवसभर बाहेर असते, तिला जाणवत नसेल.

२६ फेब्रुवारी
मारेतने परस्पर जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. दक्षिणेकडच्या, नवीन. फॉर्म काढला आणि पहिलाच प्रश्न, एकूण रेनडियर किती? माझ्याच अंगणात उभं राहून! कळप म्हणजे आमची तिजोरी, आमच्यात सख्खा भाऊ हे विचारत नाही. मी म्हटलं, तपासायला आलात की मोजायला? म्हणाल्या, आकड्याशिवाय औषध किती देऊ? कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. अब्रू राखली.
मारेतने डॉक्टरीणबाईंचा फोन नंबर भिंतीवर चिकटवला.

३ मार्च
संकल्प: रोज दोनदा कोमट मीठपाण्याने डोळे धुणे. बाकीचे लाथा झाडतात, गाब्बा शहाण्यासारखा उभा राहतो. आता डावाही सुजलाय, वर निळसर साय. दोन दिवसांत उतरेल.

९ मार्च
उतरली नाही. कितीतरी जण कुंपणाला धडकताहेत. शेवटी मीच फोन केला. आकडा सांगितला, खरा, हलक्या आवाजात. बाई म्हणाल्या, साथ आहे, दाटीत पसरते. धडधाकट आजच वेगळे काढा, मलम घेऊन निघते. मी गाब्बाचं विचारलं. बाईंनी उलट विचारलं, बुबुळ फुटलंय का? म्हटलं, दोन्ही. म्हणाल्या, मलम बाकीच्यांसाठी आणते.

१४ मार्च
मलमाने बरेच वाचतील. गाब्बा नाही. मी म्हटलं, दोरीने चालवीन. युस्सा म्हणाला, दाजी, नदीवर तुम्ही त्याला सांभाळणार की कळपाला? त्याला खाद्यापर्यंतसुद्धा जाता येत नाही, बाकीचे ढकलतात. मग ठरलं. सुरीचं काम युस्साने करायचं, मी घरात बसायचं.

१५ मार्च, दुपार
युस्साने त्याला पकडायला तीनदा फास टाकला. गाब्बा बिथरून कुंपणावर आदळला, तोंडातून रक्त आलं. युस्सा दाराशी येऊन म्हणाला, दाजी, तुम्हीच हाक मारा.
बाहेर गेलो. हाक मारली. आवाजाच्या रोखाने तो सरळ चालत आला, नाक लावून माझा हात चाचपू लागला. दुसऱ्या हातात सुरी होती. त्याच्यासाठी मूठभर खाद्य घ्यायचंही मला सुचलं नव्हतं.