आबांच्या व्हिडिओचा तिसरा तुकडा

कोल्हापूर,
दि. १२ नोव्हेंबर २००६

चि. प्रसेनजीत,
सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही ठीक आहोत. आईचे गुडघे दुखतात, पण शेजारणींशी भांडायला तिला गुडघे लागत नाहीत. लोडशेडिंग रोज पाच तास. तू दोह्यात वेळेवर जेवतोस का? आई रोज विचारते आणि मी रोज 'हो' म्हणून सांगते.

पत्र बघून हसशील. पण नेट कॅफेत मागे माणसं ताटकळत उभी असतात, आपलं लिहिलेलं वाचतात. हे तिथे बसून लिहिण्यासारखं नाही.

सोबत सीडी आहे. तिच्यावर एकच फाइल आहे, आबांच्या व्हिडिओचा तिसरा तुकडा. एवढा मोठा व्हिडिओ मेलने जाईना म्हणून मी त्याचे पाच तुकडे केले होते. त्यातला हा तुला कधीच मिळाला नाही. तू चारदा कळवलंस, जोडायला गेलं की कॉम्प्युटर तिसरा मागतो, आणि पहिले दोनच जोडले तर आबा पाणी मागतात तिथे सगळं थांबतं. मी कधी लाइट गेली म्हटलं, कधी कॅफेवाल्याला बोल लावला. तो बिचारा निर्दोष आहे. एमएस-सीआयटीला पहिल्या वर्गात आलेली तुझी बहीण एक तुकडा पाठवायला विसरेल, हे तुला तरी कसं पटलं रे?

मी तो मुद्दाम ठेवून घेतला.

आबांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा तू फोनवर विचारलंस, "आक्का, येऊ काय?" मी म्हटलं, "काय गरज न्हाय. बरं हायत की. नवी नोकरी हाय तुझी, व्हिडिओ धाडतो, त्यात बघ." त्याच सकाळी डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, दिवस थोडे आहेत. नोकरीची काळजी वगैरे सगळं खोटं. तू सुट्टीला आलास की घर तुझ्याभोवती फिरतं आणि आबा मला "चहा टाक" एवढंच म्हणतात. या वेळी ते माझ्या एकटीचे असावेत असं मला वाटलं. लिहितानाही लाज वाटते.

आठव्या दिवशी तुझा वर्गमित्र जोतीराम, तो लग्नांचं शूटिंग करणारा, कॅमेरा घेऊन आला. आबांना पाणी पाजायला त्याने कॅमेरा कॉटवर ठेवला. त्यामुळे या तुकड्यात नुसता सलाइनचा स्टँड दिसतो, पण आवाज स्वच्छ आहे. आबांनी त्याचा हात धरून विचारलं, "प्रसेन, आलास व्हय?"

जोतीरामने माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच 'हो' म्हण म्हटलं.

"व्हय आबा, आलोय."

मला त्या क्षणी तुझा फार राग आला. आठ दिवस उशाशी मी, आणि त्यांचे डोळे तुला शोधत होते.

मग आबा म्हणाले, "बरं झालं आलास. आता रूपीला घरला धाड. आठ दिस पोरीच्या डोळ्याला डोळा लागला न्हाय. माझं ऐकत न्हाय ती, तुझं ऐकंल."

तुला ते यासाठी शोधत होते, प्रसेन.

त्या दुपारी मी घरी गेले आणि खरंच झोपले. आबा गेले तेव्हा आपल्या दोघांपैकी कोणीच तिथे नव्हतं. जोतीराम होता. त्याच्या तोंडून हे तुला कळू नये म्हणून मीच त्याला शपथ घातली.

पाचही तुकडे एका फोल्डरमध्ये ठेव आणि मग जोड. आवाज मोठा करून ऐक. त्यानंतर माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तरी आईला फोन करत जा. तिला यातलं काही माहीत नाही.

जिने तुला येऊ दिलं नाही, ती
तुझीच आक्का