ज्या विषयाला खूण नव्हती

१४ जानेवारी

पास! कॉलेजात दोन्हीकडे जागा मिळतेय — खुणांच्या भाषेची दुभाषी आणि भूगर्भशास्त्र. दोन्हीकडे! चीज करणाऱ्यांच्या आमच्या अख्ख्या वाडीत यंदा मी एकटीच. आई-बाबांना खुणांनी सांगितलं. बाबांनी हात धुतलेसुद्धा नाहीत, फाटलेल्या दुधाच्या हातांनीच मला उचललं.

नीदिया मावशी फोनवर आधी किंचाळली, मग रडली. "विचार कसला करतेस, योर्लेनी? दुभाषीच हो. जन्मभर दुसरं काय केलंयस?"

खरंय. आई-बाबा दोघंही जन्मापासून बहिरे. चार वर्षांची होते तेव्हापासून त्यांचं तोंड मी, कान मी. बँकेत मी, दवाखान्यात मी, गाईच्या डॉक्टरापुढे मी. पहिलीत असताना "गर्भपिशवी" हा शब्द येणारी वर्गात मी एकटी होते!

१५ जानेवारी

मुदत २५ पर्यंत. विषय एकच घ्यायचा.

१७ जानेवारी

कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते. तीन वर्षांमागे ज्वालामुखी राख ओकत होता तेव्हा भूगर्भशास्त्राच्या मारिएलोस मॅडम राजधानीतून, सान होसेहून, आल्या होत्या, आमच्या कुरणात जमिनीचे हादरे टिपणारं यंत्र पुरायला. बाबा फाटकाच्या खांबाला तळहात लावून उभे होते. एकदम मला खूण केली — आता! मी म्हटलं, "बाबा म्हणतात, आता." कुणाला काहीच जाणवलं नाही. आणि यंत्राची रेघ उसळली! मॅडम बघतच राहिल्या. म्हणाल्या, "यांना नोकरीवर ठेवायला हवं."

त्या दिवसापासून जमिनीच्या पोटात काय चाललंय तेच मला जाणून घ्यायचंय. दुभाषी शिकून इथेच परत येता येईल. पण मी सान होसेला दगड फोडत बसले तर इथे फोन कोण उचलणार?

२० जानेवारी

ठरलं. दुभाषी. अभिमान वाटतोय. वाटतोयच.

२१ जानेवारी

बाबांना सांगितलं. ते चीजच्या साच्यावर दगड ठेवत होते.

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी."

त्यांनी पाठ फिरवली. आमच्या घरात पाठ फिरवणं म्हणजे दार आपटणं. मग तुम्ही कितीही हात हलवा!

जेवतानाही बघितलं नाही.

२२ जानेवारी

सकाळी आईने गाठलं. एका हाताने कॉफी गाळत होती, दुसऱ्याने बोलत होती.

"दूध संघात तो जाड्या काय म्हणाला होता गं? तू आम्हाला सांगितलंस, नमस्कार म्हणतोय."

माझं तोंड उतरलं. तो म्हणाला होता, "या मुक्यांना मागच्या दाराने पाठवा."

"मला ओठ वाचता येतात. चौदा वर्षं तू जगाला आमच्याशी गोड बोलायला लावलंस. लहान होतीस, म्हणून चालवून घेतलं. आता घोडी झालीस." मग किटली खाली ठेवून दोन्ही हातांनी — "आणि खरं सांगू? दुभाषी म्हणून तू भिकार आहेस!"

मी हसले. रडलेही. म्हटलं, मी गेल्यावर तुमचं कसं होणार?

"तुझ्याआधी आम्ही नव्हतो? गाई घेतल्या. लग्न केलं. तू झालीस — ती काय दुभाषी लावून?"

शी! पण केवढी हसली!

२५ जानेवारी

तिघंही बसने कॉलेजला गेलो. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "विषय?"

"भूगर्भशास्त्र!" इतक्या जोरात म्हटलं की अख्खी रांग वळली. बाबांची खूण — काय म्हणालीस? आणि या शब्दाला आमच्याकडे खूणच नाही! सगळं नीट समजावलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि तिथेच बनवली: एक तळहात सपाट, त्याच्याखाली दुसऱ्या हाताची बोटं थरथरणारी. मग रांगेतल्या एकेकाला माझ्याकडे बोट दाखवून ती करून दाखवली. कुणाला काही कळलं नाही. फुगलेली छाती मात्र सगळ्यांना दिसली त्यांची.

पलीकडच्या टेबलावरून दुभाषी विभागाचे मास्तर धावत आले आणि खुणांनी अभिनंदन केलं. निदान त्यांना तसं वाटलं! आईने त्यांचं मनगट धरलं, बोटं सरळ केली. "तुम्ही आत्ता म्हणालात, डुक्कर सुखरूप आहे." मास्तर लाल. पण गेले नाहीत, वही काढली! अर्धा तास आईने त्यांना सोडलं नाही. बस चुकली. मी बाकावर बसून होते. एका शब्दाचंही भाषांतर केलं नाही.

२८ फेब्रुवारी

कॉलेजचं पत्र आलं. मला वाटलं माझं. पाकिटावर नाव आईचं! दुभाषी विभागात शिकवायला बोलावलंय — आठवड्यातून दोन दिवस, पगारी. मी पहिल्या वर्षाला, आणि त्याच कॉलेजात सोमवारपासून माझी आई — बाई!