पूजेला ठेवलेली घंटी

८ सप्टेंबर २००३, सोमवार

आज धारवाडला येऊन पोचले. अळणावरला गाडीत खिडकी मिळाली, शेजारच्या बाईनं पान लावून दिलं, स्टेशनावर जावई महेश स्वतः आले होते. माझी पेटी त्यांनी उचलली आणि मी उचलू दिली. जावयानं एकदा तरी उचलावी.

लेक ज्योतीचं घर लहान पण लखलखीत आहे. नळ स्वयंपाकघरातच, परसात पेरूचं झाड, फरशी अशी की पोळी लाटावी. लेकीच्या घरी राहायला निघाले म्हणून गावात बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हसू देत. मी पाहुणी म्हणून आले नाही, कामाला आले आहे. महेश जवळच बेलूरला कारखान्यात, ज्योती हुबळीला लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत कारकून, नात दीपश्री कॉलेजात. दिवसा महेशच्या आईजवळ कोणी नको का? ती माझी विहीण, अनसूया. अंगावरून वारं गेलंय, उजवी बाजू लुळी. तोंड वाकडं झालंय म्हणतात. मला तर ते लेकीच्या लग्नातही सरळ दिसलं नव्हतं.

मागच्या खोलीत तिची खाट. उशाशी पितळी घंटी. मोठ्यानं हाक मारता येत नाही, म्हणून काही लागलं की वाजवते. मला बघून डाव्या हातानं वाजवलीच आणि जड जिभेनं विचारलं, सखूअक्का, पाहुणी आलीस की मालकीण? मी म्हटलं, मोलकरीण. हसली. बरं जमेल आमचं.

ही वही दीपश्रीनं दिली. मी चौथीपर्यंत शिकलेली. दुपारी बोलायला कोणी नसलं की भांड्यांशी बोलते, त्यापेक्षा वही बरी.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पुढच्या खोलीत कॉम्प्युटर आहे. महेशनं कुणाचा तरी जुना घेतला, त्याबरोबर एक खेळाची तबकडी आली. दीपश्रीला तो खेळ आवडत नाही. म्हणते, आजी, यात कोणी नसतंच, काही होतच नाही. मी म्हटलं, दाखव.

धुकं. पाण्याच्या काठाला दगडी घर. माणूस एक नाही, कुत्रं नाही, चिमणी नाही. हातातलं ते बटण टिक करून दाबलं की एक पाऊल पुढं. वारा वाजतो, कुठंतरी लांब लोखंड हलल्यासारखं होतं. दारं सगळी बंद. काय करायचं, कुठं जायचं, कोणी सांगत नाही. मला तेच आवडलं. जन्मभर मला सगळ्यांनी सांगितलंच आहे.

आणि मला ते समजतं. लग्न होऊन आले तेव्हा सासू डब्यांच्या जागा सांगत नसे. मीठ कुठं, हळद कुठं, वासावरून आणि तिच्या पावलांवरून शोधायचं. हा खेळ तसाच. घर बांधणाऱ्यानं सगळं लपवलंय, पण लपवणाऱ्याचं मन कळलं की वस्तू सापडते. दीपश्री इंग्रजी शिकलेली, तिला पहिलं दार उघडेना. मी उघडलं.

१७ सप्टेंबर, बुधवार

त्या घराची एक रीत सापडली. एक उघडायचं तर दुसरं काही बंद करावं लागतं. तळघरात पाण्याचे नळ होते. कान देऊन ऐकलं, कुठला वाहतो, कुठला नुसता गुरगुरतो. सगळे बंद केले तसं पाणी एकाच नळीत जोरानं आलं, चाक फिरलं आणि जिन्याची जाळी वर गेली. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. या वयात कोण कशाला शाबासकी देतंय!

अनसूया आज सारखी पाणी मागते. नीर, नीर. प्यायलं तरी ओठ कोरडे. ऊन फार आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

लिहू की नको.

दुपारी खेळत होते. घंटी वाजली. मी आले, आले म्हणून ओरडले आणि उठले नाही. वरच्या सज्ज्यावर एक लोलक होता, तो थांबवायची वेळ नेमकी आली होती. परत वाजली. परत म्हटलं, आले. गेले तेव्हा अंथरूण भिजलेलं आणि तिनं तोंड भिंतीकडं वळवलेलं.

धुतलं, पुसलं, पातळ बदललं. संध्याकाळी ज्योतीनं चादर दोरीवर बघितली, विचारलं. मी म्हटलं, तिनं घंटीच वाजवली नाही, मी काय करू? अनसूया ऐकत होती. नुसती माझ्याकडं बघत राहिली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मला जेवण गेलं असतं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

घट बसले. सगळी कामावर गेल्यावर पुन्हा त्या कॉम्प्युटरच्या पेटीसमोर बसले. ठरवलं होतं बसायचं नाही.

जिन्यावरून वरच्या मजल्यावर पोचले. तिथं एकच खोली. लोखंडी खाट, त्यावर घोंगडी, खाली पाण्याचा लोटा. खिडक्यांतून उजेड. एका खिडकीबाहेर फांदी हलत होती, पेरूच्या पानांसारखी पानं.

लोखंडी खाटा सगळ्या सारख्याच असतात. तरी मी मागच्या खोलीत जाऊन अनसूयाला बघून आले. झोपली होती. आमच्या खिडकीबाहेर पेरू आहे हे मला ठाऊक होतंच, मुद्दाम बघायची काय गरज होती मला?

३० सप्टेंबर, मंगळवार

वरच्या खोलीत भिंतीवर खुणा आहेत, पण उजेडात दिसत नाहीत. म्हणजे खिडक्या लावायच्या. एकेक झडप लावली. शेवटची लावली तसा पूर्ण अंधार झाला आणि खुणा निळ्या पेटल्या. इतकं सुंदर मी काही बघितलं नव्हतं, खोटं कशाला सांगू. दिवाळी त्यापुढं काही नाही.

तेवढ्यात घंटी. या वेळी उठले. अनसूया खाटेवर डोळे उघडे ठेवून पडलेली. कत्तल, कत्तल म्हणाली. कानडीत अंधार म्हणजे. सखूअक्का, खिडकी का लावलीस? म्हणाली.

खिडकी सताड उघडी होती. ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं.

१ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टर येऊन गेले. पुन्हा झटका आला असेल, डोळ्याची नस गेली असेल म्हणाले. महेश खाली मान घालून बसले. मी चहा केला. सांगणार तरी काय! जावईबापू, तुमच्या अव्वाचे डोळे मी टिक करून मिटले?

सगळे गेल्यावर त्या झडपा उघडायला बसले. उघडत नाहीत. तिथं लावलेलं पुन्हा उघडत नाही. तळघरात जाऊन बघितलं, नळही तसेच कोरडे. अनसूयाला कालपासून पाणी गिळवत नाही, कापूस भिजवून ओठाला लावतोय.

तिकडं मी जे बंद केलं ते इथं बंद झालं. लिहून टाकलं. आता कुणाला सांगू?

२ ऑक्टोबर, गुरुवार

सुट्टी, सगळे घरी. पेटीवर कपडा टाकलाय. अनसूयाचे पाय चेपत बसले. ती म्हणाली, आज खेळ नाही का? आंधळी झाली तरी टोमणा नेमका लागतो. मी म्हटलं, संपला तो. बोटं मात्र आपोआप हलतात. तिच्या पायावर मी टिक टिक करत होते, तिलाच कळलं. पाय मागं घेता येत नाही तिला.

४ ऑक्टोबर, शनिवार. खंडेनवमी

सकाळी महेशनं हत्यारांची पूजा केली. विळी, कात्री, पाना, दीपश्रीची पुस्तकं, कॉम्प्युटरलाही हळदकुंकू, झेंडूचा हार. मग कारखान्यात पूजा, बायकापोरांना बोलावणं, म्हणून तिघं बेलूरला निघाली. महेश आईच्या पाया पडले आणि मला म्हणाले, अव्वाला सांभाळा. मी म्हटलं, निश्चिंत जा. संध्याकाळी परतणार.

ती गेल्यावर मी काय केलं ते लिहिते. अनसूयाची घंटी उचलली आणि कॉम्प्युटरपुढं पूजेत मांडली. कुंकू लावलं, फूल वाहिलं. पूजेला ठेवलेली वस्तू दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत हलवायची नाही, ही रीत लहान पोरालाही ठाऊक. अनसूया चाचपत म्हणाली, घंटी कुठं? मी म्हटलं, तुझं हत्यार तेच, पूजेला बसलंय, उद्या मिळेल, आज हाक मार. हाकेला तिच्याकडं आवाज कुठाय? मला ठाऊक होतं. वरून दात काढले मी.

रीत मला पाठ होती, पण ती मी तिच्यासाठी वापरली, माझ्यासाठी नाही. पूजेच्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं, तरी मी पेटी सुरू केली. झडपा उघडायला, एवढ्यासाठीच. देवाशपथ एवढ्यासाठीच. निम्मं तरी.

त्याच दुपारी

वरच्या खोलीत खाटेच्या उशाशी आता घंटी आहे. आधी नव्हती. तिच्यावर कुंकू.

इथली बघितली. हारात तशीच पडलेली. ओल्या कुंकवात बोटाचा ठसा माझा.

भिंतीवरच्या खुणा वाचल्या, आता वाचता येतात. एकच दार लावायचं राहिलंय, या खोलीचं. ते लागलं की खाली मोठं दार उघडेल आणि खेळणारा बाहेर. संपला खेळ. झडपा उघडायचं कुठंच नाही.

घोंगडी वरखाली होते. श्वास घेते.

नंतर

घंटी वाजली. पेटीतून. हारातली हलली नाही.

मागं धावले. अनसूया खाटेवर आहे, अंग गरम, छाती हलते. ओठ हलले. आवाज पुढच्या खोलीतून आला, पेटीतून — सखूअक्का —

तिचे ओठ इथं आणि हाक तिथं.

नंतर

घंटी उचलली. गेली रीत खड्ड्यात. पूजा मोडली, पाप लागू दे, मलाच लागू दे. आणून तिच्या हातात दिली, तिची बोटं मिटवली. बोलली! इथून बोलली, तिच्या स्वतःच्या तोंडातून. घोगरं. इतका उशीर, म्हणाली.

मी पायाशी डोकं टेकलं. आयुष्यात विहिणीच्या पाया पडले नव्हते. चादरीचं मीच खोटं बोलले होते, सांगितलं. तिनं डाव्या हातानं डोक्यावर टपली मारली. म्हणाली, ठाऊक आहे, मी काय बहिरी होते?

पेटी बंद केलेली नाही. जाऊन बंद करते —

नको. थांब. तिकडं बंद केलं की इथं बंद होतं.

नंतर

खोलीत धुकं आहे. पेरू दिसत नाही. खिडकी उघडी, तरी दिसत नाही.

टिक.

पुढच्या खोलीतून. महेश नाही, ज्योती नाही, संध्याकाळ व्हायची आहे. पुढच्या दाराला कडी मीच घातली.

टिक. टिक.

अनसूयानं माझा हात चाचपला. विचारलं, सखूअक्का, तू इथंच आहेस ना? म्हटलं, आहे. मग ती म्हणाली, तर तिथं खेळतंय कोण?

नंतर

हाक मारून बघितली. घंटी वाजवून बघितली, जोरानं. पुढच्या खोलीतून बाईचा आवाज आला, आले, आले. आणि कोणी आलं नाही. आवाज माझा.

मी तिला ओळखते. ती उठायची नाही. तिला आता फक्त हे दार लावायचंय. तिला वाटत असेल, निम्मं तरी, की कुणाच्या तरी भल्यासाठी —

दार जवळ आहे. मला अजून निघता येईल. अनसूया मला उचलवत नाही, ओढून बघितलं, खाटसुद्धा हलत नाही.

ती म्हणते, जा तू. मी म्हटलं, गप पड, मोठी आलीस हुकूम करणारी.

खाटेवर बसले. तिचं डोकं मांडीवर. खाटेखालच्या लोट्यातलं चमचाभर पाणी तोंडात घातलं, उतरलं, खाली उतरलं! आणखी दे म्हणाली —

टिक.

बिजागरी वाजते. मागं बघत नाही. चमचा भरला आहे, सांडता कामा नये. अनसूया म्हणते दार लागतंय का. म्हटलं वारा आहे, तू आ कर, आ —