शिमग्यापर्यंतचा परवाना

मु. वायंगणी, ता. मालवण
माघ वद्य पंचमी, शके १८७९

तीर्थस्वरूप गुरुदासदादाच्या चरणी मामेभाऊ लवू याचा साष्टांग नमस्कार. (तू माझ्याहून एकाच पावसाळ्याने मोठा, आणि लहानपणी मी तुला व्हाळात बुडवलेही होते, तरी कागदावर मान द्यावाच लागतो.) इकडे रवळनाथाच्या कृपेने सर्व ठीक. तुझा दमा कसा आहे? नर्मदावहिनींचा गुडघा? पेडण्यात यंदा सुपारी कशी लागली? आमच्याकडे सुशीलेला सर्दी आहे, म्हशीने दूध कमी केले आहे, आणि तुझी आई, म्हणजे आमची राधाआत्या, हिची तब्येत डॉक्टरांच्या मते ठणठणीत आहे. तिच्या स्वतःच्या मते मात्र तिला शिमग्याला मरायचे आहे. या दोन मतांमध्ये मी सापडलो आहे, म्हणून हे लांबलचक पत्र. ते हौसाबाईच्या हाती देत आहे. सुकी मासळी घेऊन ती खाडीपलीकडे कशी येते-जाते हे मी तिला विचारत नाही, तूही विचारू नको. कागदाला बांगड्याचा वास आला तर तो माझा समजू नये.

आत्या कार्तिकात आली. डोक्यावर बोचके, काखेत कोंबडा. तिला हद्दीच्या नाक्यावर थोडे दिवस राहायची चिठ्ठी मिळाली होती. कोंबड्याला चिठ्ठी लागत नाही, हे तिने तिथेच विचारून घेतले होते. भांडण कशावरून झाले ते तुला ठाऊक आहेच, पण मी ऐकलेली बाजू लिहितो. दिल्लीने पोर्तुगिजांच्या हद्दीत, तुमच्याकडे जाणारा माल अडवला, कांदे-बटाटे बंद झाले, आणि वहिनी रिकाम्या तेलात फोडणी करता करता म्हणाल्या, की तुमच्या माहेरच्यांनी आमचे कांदे अडवले. आता दिल्ली काही आत्याचे माहेर नव्हे. ती सावंतवाडीच्या पुढे कुठेतरी आहे एवढेच तिला ठाऊक. पण माहेरच्या माणसांना नाव ठेवले आणि बाई गप्प बसली, असे आपल्याकडे घडत नाही. तिने सबंध हिंदुस्थान सरकारची बाजू घेतली, वहिनींनी तिकडच्या सरकारची, आणि तू (असे आत्या म्हणते, मी नाही) ओसरीवर सुपारी कातरत दोन्ही सरकारांचे ऐकून घेतलेस. आमच्या खळ्यात पाय धुता धुता तिने जाहीर केले, "आता मी हयच मरतलंय. थंय फिरान जावचंय नाय." रागात माणूस असे बोलते. सुशीलेने ऐकून घेतले आणि भात टाकला. मीही तसेच करायला हवे होते.

दोन दिवसांत घर तिच्या हातात गेले. माझी खुर्ची ओसरीवरून माजघरात गेली, माजघरातले पिंप परसात गेले, आणि माझा तंबाखूचा डबा कुठे गेला ते अजून कळलेले नाही. तिच्या कोंबड्याने आमचा कोंबडा पळवून लावला. दुपारी मी जरा आडवा झालो की ती शेजारणींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, की आमच्या बापाशीच्या वेळी या घरात दिवसाचे कोणी निजत नसे. (तिचे बापाशी, म्हणजे माझे आजोबा, दिवसभर निजत असत. हे मी स्वतः पाहिलेले आहे.)

इतक्यात नाक्यावरच्या चिठ्ठीची मुदत सरली, आणि पोलीसपाटलांनी येऊन सांगितले की तुमची आत्या परदेशी आहे. ही बातमी तिला नवी होती. लग्नात ती परकर नेसायच्या वयाची. आजोबांनी तिला पेडण्यास दिली एवढेच घरात माहीत. पोर्तुगालला दिली हे कोणीच सांगितले नव्हते, नाहीतर वऱ्हाड बैलगाडीने कशाला नेले असते. उभ्या जन्मात तिने खरा पोर्तुगीज एकदाच पाहिला, तोही पाठमोरा. पण कायदा तो कायदा. मी काळा कोट घातला आणि मालवणला कचेरीत गेलो. अर्ज लिहिण्यात पंचक्रोशीत माझा हात धरणारा कोणी नाही हे तुला ठाऊक आहे. या वेळी कोणीतरी तो धरायला हवा होता.

परवान्याचे कारकून घाटावरचे, माणूस सभ्य. त्यांनी परदेशी माणसाला इथे राहण्याचे मार्ग एकेक करून सांगितले. पहिला, नातलगांची भेट. पण त्याची मुदत तोकडी, आणि आत्या म्हणाली, की जिथे माझी नाळ पुरली तिथे मी भेटूक येऊ, माका काय पावणी समाजलास? दुसरा, यात्रा. त्याला देव आणि तिथी दोन्ही लागतात, आणि जत्रा उठली की यात्रेकरूने उठावे लागते. तिसरा, व्यापार. बोचक्यात काजूची एक बाटली निघाली होती, गुडघ्यांना चोळायला. पण आमच्या राज्यात दारूबंदी असल्यामुळे त्या मालाचे नाव अर्जात घालणे मला शहाणपणाचे वाटले नाही. चौथा, औषधोपचार. त्यासाठी मी तिला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी छाती तपासली, जीभ पाहिली, आणि लिहून दिले की बाईंना काहीही झालेले नाही. आत्या त्यांच्याशी अर्धा तास भांडली. ते भांडण पाहून डॉक्टरांची खात्री आणखी पक्की झाली.

राहिला कायमचा मुक्काम. तो मिळण्यासारखा होता. कारकुनांनी छापील कागद पुढे केला आणि वाचून दाखवला, की तिकडे माझे घर नाही, माझे कोणी नाही, सबब मला इथे राहू द्यावे. आत्याने फक्त अंगठा उठवायचा होता. तिने हात पदराखाली घेतला. "माजो झील आसा थंय. सून आसा. नारळ मी लायलेले आसत. खोटा कित्याक लिवू?" असे म्हणून ती खाली मान घालून बसली. कार्तिकापासून तुम्हा दोघांना शिव्या देणारी हीच बाई, दादा. कारकुनांनी कागद मागे घेतला.

तेव्हा त्यांनी शेवटचा रकाना दाखवला, 'अन्य कारण'. मी तिथेच घसरलो. कागद रिकामा ठेवणे माझ्या स्वभावात नाही, आणि तिचे खळ्यातले शब्द माझ्या कानात होते. मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिले, 'मरणे'. कारकुनांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कारण हरकत घेण्यासारखे नाही म्हणाले, परंतु मुक्काम कधीपर्यंत हे लिहिल्याशिवाय शिक्का मारता येत नाही. मी म्हटले, ते देवाच्या हातात. ते म्हणाले, मग देवाला विचारून या. घाटावरच्या माणसाने हे सहज म्हटले असेल. पण आपल्याकडे असे कोणी सांगितले तर आपण विचारून येतो.

कौल लावला. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना कळ्या लावल्या, मानकरी जमले आणि गाऱ्हाणे झाले. "बा रवळनाथा म्हाराजा, ही तुजी माहेरवाशीण राधाबाय पेडण्यासून तुज्या पायाकडे मरूक इली आसा, ता कधी होतला ता सांग आणि सरकाराचा कागद पुरो करून दी रे म्हाराजा." सगळे म्हणाले, "होय म्हाराजा." पुढच्या दिवाळीपर्यंत? कळी हलेना. गणपतीपर्यंत? हलेना. गुरवाला भूक लागली होती. शिमग्यापर्यंत, असे विचारताच उजवी कळी टपकन खाली आली, म्हणजे देवाचा होकार. (सुशीलेचे म्हणणे असे, की तेवढ्यात कोणी तरी दार उघडले आणि वारा आला. पण कौल झाल्यावर काढलेली शंका देव धरत नाही.) मी आत्याकडे पाहिले. ती हात जोडून उभी होती. सगळ्या गावासमोर, आपण ते रागात बोललो होतो असे सांगणे तिला जमले नाही. ते तिला जन्मात कधी जमलेले नाही. कारकुनांनी पंचांग पाहून इंग्रजी तारीख घातली आणि परवाना झाला.

मला वाटले, सुटलो. पण आत्याने परवाना देव्हाऱ्यात ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून तयारीला लागली. "देवान सांगल्यान, सरकारान शिक्को मारल्यान. आता मी खोटी पडू?" खांदेकरी तिने स्वतः निवडले, त्यांतला एक बुटका म्हणून काढून टाकला, म्हणाली, मी कलंडान पडतलंय. लुगडी वाटून टाकली. मग बातमी फुटली आणि माणसे निरोप घेऊन येऊ लागली, वरच्या माणसांसाठी. आमच्या शेजारच्या गोदूबाईला सासूकडून जाणून घ्यायचे होते, की फणसाच्या आठळ्या कुठे पुरून ठेवल्या होत्या. (सासू जाऊन पाच पावसाळे झाले, आता कसल्या आठळ्या राहतात?) एकाने बापाला कळवायला सांगितले, की बांधाचा दावा आपण जिंकला. आत्या प्रत्येक निरोपाला पदराला गाठ मारायची आणि गेलेल्यांची चौकशी अशी करायची, जशी ती माणसे कुडाळच्या बाजाराला गेली आहेत. मीही हसत होतो. घरात माणसांची ये-जा होती, चहा होता, आत्या रंगात होती.

गेल्या सोमवारपासून हसण्यासारखे काही उरलेले नाही. ती अंथरुणाला लागली आहे. मासे नको म्हणते. कोंबड्याला दाणे टाकायला उठत नाही. डॉक्टर पुन्हा येऊन गेले आणि पुन्हा म्हणाले, काहीही झालेले नाही. कचेरीत मुदत वाढवून मागितली तर कारकून अवघडले. नियमाप्रमाणे आधी मुदतीत मरण का घडणार नाही याचा खुलासा लागतो म्हणाले, आणि तो अर्जदाराने स्वतः द्यावा लागतो. दादा, मला भीती वाटते. माझी आई गेली तेव्हा मी रांगत होतो, आणि ही बाई तुला काखेला मारून पेडण्याहून आली आणि वर्षभर इथे राहिली. तिच्या मुक्कामाची मुदत तेव्हा कोणी विचारली नव्हती. आता माझ्या एका शब्दापायी ती दिवस मोजत पडली आहे, आणि मला रात्री झोप नाही.

असो. वडीलधाऱ्यांना माझा नमस्कार सांग, मुलांच्या पाठीवरून हात फिरव. लोभ आहेच, तो वाढवायला कागदावर जागा उरलेली नाही.

तुझा,
लवू

ता. क. खरे काम लिहायचे राहिले. आत्या मुदतीआधी पेडण्यास परतली, तर सरकारचे काम भागते. देवाचे मी एक नारळ देऊन बघून घेईन. पण बोलावल्याशिवाय ती येणार नाही. वहिनींनी माफी मागू नये. मागितली तर आत्या आणखी फुगेल. त्यांनी हौसाबाईकडून एवढेच विचारून पाठवावे, की चैत्रात कैरीचे लोणचे घालायचे आहे, तर मीठ किती लागेल. शिमग्यानंतरचे एखादे काम आपल्यावाचून अडले आहे, एवढे तिला कळले पाहिजे.

ता. क. दुसरा. लिहिता लिहिता मोठ्याने वाचायची माझी खोड तुला माहीत आहे. आत्या झोपली आहे असे मी समजत होतो. आतून आवाज आला, "नर्मदेक लिव, तोरां धुवन पुसून ठेव, पण मी येयसर मीठ घालू नको. तिचो हात खारट." वहिनींनी अजून काही विचारलेलेच नाही, हे मी तिला सांगितले नाही. थोड्या वेळाने तिने पेज मागितली, आणि पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा. सुशीला चुलीपाशी तोंडाला पदर लावून बसली आहे. हसते आहे की रडते आहे ते मला इथून दिसत नाही.

ता. क. तिसरा. हा वहिनींना वाचून दाखवू नको. आत्याला न्यायला तू स्वतः ये. परवान्याच्या अर्जात 'नातलगांची भेट' एवढेच लिही, दुसरे काही सुचले तरी लिहू नको. पण पत्र मिळाल्याबरोबर धावत सुटू नको. शिक्का शिमग्यापर्यंतचा आहे, आणि तोवर ती आमची आहे. आदल्या दिवशी ये. संध्याकाळच्या गाडीने आलास तरी चालेल.