मोठ्या पाण्याची होडी

८ ऑक्टोबर १९६१, रविवार

आज सकाळी दादाच्या पाठीमागे उभा राहून मी त्याला तीनदा हाक मारली. तो वाळूत बसून जाळं सांधत होता. वारा नव्हता. समुद्र गप्प. तरी वळला नाही. पुढे जाऊन उभा राहिलो तेव्हा म्हणाला, "रावजी! कवा आलास रं?"

आत्ताच, म्हटलं.

दहा पावलं. दहाच पावलं होती!

९ ऑक्टोबर

दिवसभर तेच मनात. तीस वर्षं आमची होडी दादाच्या कानावर चालली. शीड उतरवायचं, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं, दांडा दादाच्या कानाला. आम्ही सारे श्वास रोखून. खाली घोळ माशांची झुंड असली की बेडकांसारखी ओरडते म्हणे — मला कधी कळली नाही. दादा नुसतं बोट दाखवायचा. तिथे जाळं, जाळ्यात घोळ. होडीचा म्होरक्या, तांडेल, तोच; कोंडाजी तांडेलाचा कान म्हणजे देवाची देणगी, असं दिघीपर्यंत बोलतात.

या मोसमात बोट दाखवतो, आणि जाळं रिकामं येतं. खलाशी समुद्राला नावं ठेवतात. दादावर कोणाचा संशयसुद्धा नाही.

१५ ऑक्टोबर

तुळशीवहिनीला आडून विचारलं. ती मासळी वाळत घालत होती. हात थांबले नाहीत. "मी वरसभर वरडूनच बोलते, भावजी. लोक म्हंतात, तुळशी भांडकुदळ झाली." मग आवाज खाली आणून — "कान गेला ह्ये लोकांना कळलं तर हा मानूस समुद्रात जाईल तो परत किनाऱ्यावर येयाचा न्हाय."

२२ ऑक्टोबर

मशीनची होडी घ्यायचं सगळ्यांचंच ठरलेलं. दिघीला फकरुद्दीन होड्या बांधतो, त्याच्याकडे गेलो — मी, दादा आणि आमचा जुना खलाशी दादू. दोन होड्या तयार होत्या. एक अरुंद, हलकी. दुसरी पोटात रुंद, पुढचं टोक म्हणजे नाळ उंच, मशीन जड.

दोन्ही खाडीबाहेर नेल्या. बाहेर लाट आडवी मारत होती. हलकीनं पहिल्याच लाटेला आम्हाला न्हाऊ घातलं. रुंद होडी लाटेवर बदकासारखी बसली.

फकरुद्दीन म्हणाला, "भाई, उथळ पाण्यात राहणार असाल तर हलकी घ्या. मशीन बंद करा, कान लावा, घोळ पकडा. बाहेर सुरमईला जायचं तर ही मोठी. पण त्या लाटेत कोंडाजीचाच काय, फरिश्त्याचा कान चालायचा नाही!"

दादू हसला. "मंग इचार कसला? तांडेलाचा कान हाय तवर हलकीच."

दादा हसला नाही. फकरुद्दीनच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

२३ ऑक्टोबर

मोठ्या पाण्यात दादाला कोणी ऐकायला सांगणार नाही. एवढंच सुचतं आहे.

२९ ऑक्टोबर

दादा आणि दादूला सांगून टाकलं — रुंद घ्यायची. सुरमईला जायचं.

दादू तिथंच थुंकला. "बापाच्या जागी हाय तो तुज्या! त्याचा कान मोडीत काढतोस?"

दादा अगदी जवळ आला. "माज्या कानावर भरोसा न्हाय तुजा?"

नाही म्हटलं तर का ते सांगावं लागतं. आहे म्हटलं तर हलकी घ्यावी लागते — आणि एक दिवस भर पाण्यात, चार माणसांसमोर, सारं उघडं पडतं.

वळून जाळी गोळा करू लागलो.

३ नोव्हेंबर

गावभर झालं — धाकट्याला तांडेलकी हवी! आज घरात केसरनंही विचारलं, "खरं हाय का?" बायको ती माझी. तिलाही काही सांगितलं नाही. जेवण वाढून दुसऱ्या खोलीत गेली.

५ नोव्हेंबर

गावदेवीपुढे बराच वेळ बसलो. तिच्या गावात राहून जाणूनबुजून खोटं बोललो नाही आजवर. आई, आता बोलावं लागणार, एवढं सांगून उठलो. कौल मागायचा धीर झाला नाही. नको म्हणाली असती तर?

१२ नोव्हेंबर, रविवार

रुंद होडी आणली. किनाऱ्यावर सारा गाव. मी मशीन बंद केलं. दादा गुडघाभर पाण्यात आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तुला तांडेल व्हायचं व्हतं. येवढंच ना?"

"व्हय," मी म्हणालो. मोठ्यानं — त्याला ऐकू जावं म्हणून.