भरली

माहूज, मनामा
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

प्रिय अझहर,

अस्सलामु अलैकुम. आम्ही इथे खुशाल. तुझ्या जमीलाभाभीची शिफ्ट बदलली. इक्राला मराठीत काहीही विचारा, उत्तर "ओके पापा". महमूदचाचांचा, म्हणजे तुझ्या बाबांचा, गुडघा कसा आहे?

हे फोनवरही विचारता आलं असतं. विचारलंच की चार वेळा, आणि खरं सांगायचं ते सोडून चारही वेळा हवापाण्यावर येऊन "यल्ला, ठेवतो" केलं. म्हणून हा कागद. अर्शद उद्या गावी यायला निघतोय, गुरुवारी तुझ्या हातात पडेल. शुक्रवारच्या आधी पडायलाच हवा.

चाचांकडून कळलं, जुम्म्यानंतर जमात बसणार आणि तू चालवतोस ती खाडीवरची होडी दुसऱ्याला देणार. बंदूक फुटली त्या दिवशी माझं सांगणं तुला ऐकू आलं नाही, म्हणून गाव तुला बहिरा म्हणतं. डॉक्टरांनी कान ठणठणीत असल्याचं लिहून दिलं, तर चाचा म्हणाले, "मशीन चुकेल. आमचा हमीद खोटं का बोलेल?" आणि परवा तूच मला म्हणालास, "भाई, आता मलाही वाटतं, कमीच ऐकू येतं." अरे गाढवा! तुला सगळं ऐकू येतं.

कापणीच्या वेळी मी सुट्टीवर आलो होतो. डुकरांनी भात लोळवलं होतं, म्हणून चाचांची परवान्याची ठासणीची बंदूक घेऊन आपण दोघंच टेकडीवर गेलो. तुझा पहिला बार लागला, पण डुक्कर करवंदीत शिरलं. तू म्हणालास, "भाई, तू भर, मी रगत बघून येतो." मी चाचांनी शिकवलं तसंच केलं. नळीत ओली चिंधी फिरवली, आत विस्तव उरला नाही ना ते पाहिलं, मापाने दारू घातली, वर गोळी टाकली, तोंड नळीपासून लांब ठेवून गजाने ठासली. बार पेटवणारी केप लावली नाही, ती जनावर समोर आल्यावर लावायची. मग एकच काम उरलं होतं. मोठ्याने "भरली" म्हणायचं. आपल्या घरात ते म्हटल्याशिवाय भरणारा बंदूक हातातून सोडत नाही.

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. टेकडीवर नेमकी रेंज! बंदूक झाडाला टेकवली आणि "यस सर, यस सर" करत बाजूला गेलो. तू परत आलास. केप नाही, कोणी काही बोललं नाही, म्हणजे रिकामी. डुक्कर बाहेर निघत होतं, रिकाम्या नळीत गज खुणेपर्यंत आत जातो, ते बघायला वेळ कुठला? तू पुन्हा दारू ओतलीस.

अझहर, मी ते पाहिलं. तू गज ठासत होतास आणि मी बघत होतो. पण साहेब बोलत होते ना, मधे कसं बोलायचं! मग तू केप लावून चाप ओढलास, नळी फुटली आणि तुझी दोन बोटं गेली.

दवाखान्यात चाचांनी एवढंच विचारलं, "भरली म्हणाला होतास ना?" मी म्हणालो, "दोनदा म्हणालो चाचा, त्याला ऐकू नाही आलं." दोनदा! एकदाचं खोटं पुरलं नाही मला. तू खाटेवरून माझ्याकडे बघत होतास. म्हणालास, "माझंच चुकलं असेल." तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटते ती याचीच जास्त.

माफी मागायला तोंड नाही. चाचा आता मला दारात उभं करणार नाहीत, न करू देत. भीती तुझी वाटते. भाईची अब्रू जाईल म्हणून तू हे पत्र खिशात घालशील आणि शुक्रवारी गुपचूप होडी देऊन टाकशील. म्हणून याचीच दुसरी प्रत अर्शदजवळ दिली आहे, जमातीच्या सेक्रेटरींच्या नावाने. तू हे फाडलंस तरी ती वाचली जाईल.

खाली "तुझा भाऊ" लिहायला हात गेला होता, मागे घेतला. ते तू ठरव. जमातीत वाचायला लागेल म्हणून पूर्ण नाव लिहितो.

हमीद दाऊद सोलकर